झाकणाचा एक बोल्ट

पाणी.

अजूनही पाणीच.

संचिताने परीक्षानळी तिरकी केली. नमुना सरळ वाहिला. तो मधासारखा घट्ट व्हायला हवा होता. काशीगावच्या या गाळ्यात लागोपाठ तिसरी बॅच फसली होती.

रेणूंच्या एकाच साखळीवर धन आणि ऋण, दोन्ही विद्युतभार ओवायचे, आणि ती साखळी पाण्यात विरघळलीही पाहिजे. कृती साधी. कच्चा माल पाण्यात, रिअ‍ॅक्टरच्या टाकीचं झाकण बंद, नायट्रोजन सोडून आतली हवा हाकलायची, मग तापवायचं. हवा राहिली तर साखळी जुळतच नाही.

हवा राहत होती.

फोनवर शेठ. "आज नहीं हुआ तो पार्टी गई. गाला बंद. सबको बोल देना."

सबको म्हणजे ती आणि मदतनीस चंपा.

"मॅडम, काय म्हणाले शेठ?"

"जेवलात का, विचारत होते."

"म्हणजे कायतरी वाईटच असणार."

पुन्हा माल भरला. चंपाने पान्याने रिअ‍ॅक्टरच्या झाकणाचे बोल्ट आवळले. संचिता नायट्रोजनच्या व्हॉल्व्हकडे गेली, आणि सहज मागे वळली.

पाना उलटा फिरत होता.

"चंपाताई."

हात थांबला.

"प्रत्येक वेळी?"

"एकच बोल्ट ओ. थोडासाच. ह्यांना जरा हवा."

गेल्या वर्षी सहादेव याच रिअ‍ॅक्टरमध्ये उतरला होता, तळाला चिकटलेला गोळा खरवडायला. नायट्रोजन कोणी बंद केला नव्हता. त्या वायूला वास नसतो; सहादेव वर आलाच नाही. नंतर शेठने सहादेवच्या जागी त्याच्या बायकोला, चंपाला, कामावर घेतलं.

आत कोणी नाही, चंपाताई.

एवढंच म्हणायचं होतं. संचिताने झाकणाकडे पाहिलं. म्हणाली नाही.

"झाकण घट्ट नसेल तर हे धरणार नाही. मग गाळा बंद होईल."

"माझं काय, मी कुठंपण भांडी घासीन." चंपाने रिअ‍ॅक्टरवर हात ठेवला. "ह्याचं काय करतील?"

"भंगारात देतील."

"तोडतात?"

"गॅसने कापतात."

संचिताने पान्यासाठी हात पुढे केला.

"राहू द्या. मी आवळते. तुमचा हात लई जड आहे."

एक बोल्ट. दुसरा. मग सगळे, पुन्हा एकदा. शेवटी तिने झाकणाजवळ तोंड नेलं आणि काहीतरी पुटपुटली. बाजूच्या गाळ्यातल्या प्रेसच्या धडधडीत ते विरलं.

नायट्रोजन.

सूं.

सूं.

आता आतली हवा सरली असेल.

आता.

संचिताने हीटर लावला. तापमानाचा काटा हळूहळू चढला. हीटर बंद केला तरी चढतच राहिला, आपला आपण. साखळी धरली होती. शेठला फोन करायला हवा होता. फोन हातातच होता. तिची नजर काचेच्या झरोक्यावर होती. आतलं पाणी जड होत चाललं होतं, ढवळणारा दांडा संथ झाला होता, आणि तिने केव्हापासून श्वास रोखून धरला होता.

"मॅडम," मागे न बघताच चंपा म्हणाली, "तुम्ही घ्या श्वास. बाहेर आहे हवा."