मानांग पेताची आठवी परीक्षा

"परीक्षा रद्द करा, मानांग. आत्ता, माझ्यासमोर. बालवॉर्डच्या हेड नर्सचं पद तुमचं."

डॉ. पालमारेस फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या सरकारी इस्पितळाचे प्रमुख. वयाने नर्स पर्पेतुआ ऊर्फ पेतापेक्षा लहान, म्हणून सगळ्यांसारखे तेही तिला मानांग म्हणत, म्हणजे थोरली बहीण.

"रद्द नाही करायची, डॉक," पर्पेतुआ म्हणाली.

"अहो, तीन वर्षांत तीन हेड नर्स गेल्या! एक रियाधला, एक डब्लिनला. तिसरीच्या निरोपाच्या जेवणातल्या पानसितच्या शेवया तर अजून माझ्या घशात आहेत. खुर्ची गरम व्हायच्या आत उडतात. आणि तुम्ही? चौदा वर्षांत सात वेळा ती परदेशी नोकरीची इंग्रजी परीक्षा दिलीत. शनिवारी आठवी. एक पाय विमानात ठेवलेल्या बाईला मी वॉर्ड कसा देऊ?"

"दोन्ही पाय इथेच आहेत की."

"मग देता कशाला?"

"दोन वर्षांनी एकदा देते. सवय आहे."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ठीक आहे. निकालाचा कागद नेमणूक समितीपुढे ठेवा. नापास झालात तर पद तुमचं. पास झालात तर निरोपाची मेजवानी माझ्याकडून, आणि पद बाहेरून येणाऱ्या बाईंना."

"चालेल," ती म्हणाली आणि ड्यूटीवर गेली.

पर्पेतुआला ते पद हवं होतं. मनापासून हवं होतं. बावीस वर्षं तिने तो वॉर्ड पोटच्या पोरासारखा सांभाळला होता. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची शीर सापडेना, की डॉक्टरसुद्धा म्हणायचे, "मानांग पेताला बोलवा." तिने घडवलेल्या मुली निम्म्या जगात पसरल्या होत्या. कुठे काही अडलं की म्युनिकहून फोन यायचा, "मानांग, हात थरथरतोय गं." ही इथून ओरडायची, "थरथरतोय तर आधी खाली बस! जेवलीस का?"

तिच्या हाताखाली शिकणं हा मान होता. पण ती नजरेआड झाली की कुजबुज व्हायचीच.

"हात सोन्याचा, पण इंग्रजीत दगड."

"सात वेळा आपटली बिचारी. आठव्यांदा काय दिवे लावणार?"

निकालाचं कुणी विचारलंच तर पर्पेतुआ हातमोजे चढवत म्हणायची, "इथेच आहे ना मी?" एवढ्यावर लोक काय ते समजायचे. तिची नणंद तर लग्नकार्यात चारचौघांत म्हणायची, "आमची पेता पास होईल तेव्हा विमानंच बंद झालेली असतील!" पर्पेतुआ हसून तिच्या ताटात आणखी भात वाढायची.

यंदा मात्र अख्ख्या वॉर्डाला ती नापासच व्हायला हवी होती. बाहेरची बाई नको होती कुणाला.

लव्हलिन ही वॉर्डातली सगळ्यात तरतरीत पोरगी. तिचे मँचेस्टरचे कागद तयार होते. दुपारी बाटल्या उकळताना तिने विषय काढलाच.

"मानांग, मी जानेवारीत निघते गं. थांबता येत नाही. इंग्रजीचा निकाल दोनच वर्षं चालतो, मुदत टळली की पुन्हा परीक्षा."

"जा की, इंदाय, माझी पोर ती. रडतेस कशाला? चांगलं काम कर, म्हणजे माझं नाव होईल."

"पण तू तरी राहा! शनिवारी मुद्दाम चुका कर ना. चार उत्तरं चुकव, की पद तुझं."

पर्पेतुआने चिमटा खाली ठेवला. "मुद्दाम चुकू? मी?"

"बरं, मुद्दाम नको. नेहमीसारखं लिही," लव्हलिन बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

 पर्पेतुआ खो खो हसली. "चहाटळ कुठली! ऐक. बावीस वर्षांत मी एकाही पोराला अर्धवट मनाने सुई टोचली नाही. कागदावरही अर्धवट मनाने काही लिहायची नाही. पद गेलं तर गेलं."

मग काय करणार? वॉर्डातल्या पोरी हारोच्या चर्चमध्ये गेल्या आणि कँडेलारिया माउलीपुढे मेणबत्त्या लावून आल्या. नापासाचं मागणं माउलीने पहिल्यांदाच ऐकलं असेल. लव्हलिनने तर दोन लावल्या.

शनिवारी पर्पेतुआ इस्त्रीचा ब्लाउज घालून परीक्षेला गेली आणि दुपारी येऊन ड्यूटीवर उभी राहिली. 

सतराव्या दिवशी समिती बसली. दारात अख्खा वॉर्ड जमला होता. स्वयंपाकघरातला आचारीसुद्धा झारा हातात घेऊन आला होता. पर्पेतुआने कागद टेबलावर ठेवला आणि ती ताठ उभी राहिली.

डॉ. पालमारेसांनी वाचला. पुन्हा वाचला. त्यांनी तो समितीतल्या शेजारच्या बाईंकडे सरकवला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"पास," ते म्हणाले. "आणि काठावर नाही. मी असे गुण आजवर पाहिले नाहीत."

दारात लव्हलिनने हंबरडा फोडला. "नको तेव्हाच पास झाली!"

डॉक्टर मात्र उठले. खुर्ची मागे सारून टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. 

"मानांग, पद आता तुम्हाला देता येत नाही, शब्द तसाच होता. पण खरं सांगतो, मला तुमचा अभिमान वाटतो. सात वेळा पडून आठव्यांदा उठायला जिगर लागते. बोला, विमान कधीचं?"

पर्पेतुआने हळूच हात सोडवून घेतले. तिला वॉर्डात जायची घाई होती.

"विमान कसलं, डॉक? आधीच्या सातही वेळा मी पासच झाले होते."