बिनपाण्याची वेल

“रानटी असली तरी अजून बाळच आहे ती. पहिली दोन वर्षं पाणी घाल. मूळ खोल गेलं की मग खुशाल विसर,” मागच्या भिंतीवरून डोकावत हेडबाई म्हणाल्या, तेव्हा तिनं मान डोलावली. दात येताना बाळाला काय चाटवावं हे सासूबाई सांगायच्या, तेव्हाही ती अशीच डोलावायची.

हेडबाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचे सल्ले मात्र अजून नोकरीत होते. वनस्पतिशास्त्राची पदवी हिच्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हती. शिवाय बियांच्या पाकिटावर स्वच्छ छापलं होतं, की हा रानघेवडा एकदा लावा, वर्षानुवर्षं शेंगा खा, पाण्याची गरज नाही. आता छापलेलं कधी खोटं असतं का? पाणी दिलं की मुळं आळशी होतात, असं तिनं हेडबाईंना समजावून सांगितलं. हेडबाई “हो का?” एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

वेलीनंही हिचीच बाजू घेतली. कॉलनीत नळ दिवसाआड यायला लागला, लोकांच्या गुलाबांच्या काटक्या झाल्या, आणि हिची वेल भिंत चढून पलीकडे वाकली. शेंगांचे घोस लागले. दाणे भिजवून, उकडून, पहिलं पाणी ओतून देऊन तिनं लेकीला भरवले. भाजी दिसली की ओठ शिवून घेणारी पोरगी वाटी चाटूनपुसून मोकळी झाली. त्या वाटीचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर गेला आणि कॉलनीला एक तज्ज्ञ मिळाली.

मग लोक विचारत, ती सांगे. तहान ही नुसती सवय असते. लाड केले की झाडं बिघडतात. हे सांगताना कडेवर असायची ती लेक, जिच्या आंघोळीचं पाणी ती थर्मामीटरनं मोजायची आणि जी झोपली की श्वास चालू आहे ना म्हणून नाकाशी बोट धरायची. पण झाडांचं शास्त्र वेगळं.

नोकरी सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी तिला मुलीचं वजन सोडून दुसरं काही विचारत होतं. कॉलनीच्या समितीनं तर कुंपणालगतची पडीक पट्टी तिच्या हाती द्यायचं मनावर घेतलं. रविवारी येऊन वेल बघायची, पटली की पट्टी तिची. नवरा आत्तापासूनच तिला ‘बागाईतदारीणबाई’ म्हणायला लागला होता. ती वरवर रागवायची.

खुपत होती ती एकच गोष्ट. रोज दुपारी भिंतीपलीकडे हेडबाईंच्या नळीतून पाणी सोडल्याचा आवाज यायचा. एवढ्या टंचाईत! तिनं ग्रुपवर नाव न घेता लिहिलं, की निदान ज्येष्ठांनी तरी आदर्श घालून द्यावा. नाव न घेतल्यामुळे सगळ्यांना बरोबर कळलं. समितीनं परसातल्या नळ्या बंद करायला लावल्या. त्यानंतर दुपारी फक्त बादलीच्या कडीची कुरकुर ऐकू यायची. गुरुवारपासून तीही थांबली. चला, शिस्त लागली, असं तिला वाटलं.

आणि शनिवारी सकाळी वेलीनं माना टाकल्या. पानं गुंडाळली, खालची पिवळी पडली. तिनं पुस्तकं काढली. कीड नव्हती, बुरशी नव्हती. थोडं पाणी घालून बघ की, असं नवरा म्हणाला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो निमूटपणे डबा घेऊन कामावर गेला.

शेवटी दुपारी लेक झोपल्यावर, स्वतःच्याच परसात चोरासारखी, ती तांब्या घेऊन गेली. वेलीचा शेंडा पलीकडे होता. तिकडची पानं तरी हिरवी आहेत का, हे बघायला ती एका पालथ्या घमेल्यावर चढली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच भिंतीपलीकडे नीट पाहिलं.

पलीकडे भिंतीला लागून, बरोबर तिच्या वेलीच्या पाठीमागे, एक आळं होतं. काठ थापून नीट गोल केलेलं. त्यात हेडबाईंचं एकही रोप नव्हतं. आळ्यातून भिंतीखालच्या फटीकडे, म्हणजे हिच्या बाजूला, बोटभर रुंदीचा पाट तेवढा काढलेला होता. पाट कोरडा. आळ्यातली माती भेगाळलेली. तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तीनचार पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या तळाशी आडवी पडलेली बादली. दार उघडं. दोरीवरचे कपडे वाळून कडक झालेले.

“बाई?” तिनं हाक मारली.

ती भिंत ओलांडून गेली. कशी, ते नंतर तिलाही सांगता येईना. हेडबाई उंबऱ्याच्या आत जमिनीवर पडल्या होत्या. पाय भलत्याच कोनात वळलेला, ओठ फुटलेले, हाका मारून आवाज बसलेला. पण डोळे उघडे होते. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि हातातला तांब्या तोंडाला लावला.

दोन घोट घेऊन हेडबाई पुटपुटल्या, “वेल गेली का गं? उद्या तुझी माणसं यायचीत.”

रविवारी समिती आली तेव्हा ती घरी नव्हती. हॉस्पिटलात, हेडबाईंच्या नाकाशी बोट धरून बसली होती.

तर, तुमच्याही परसात काही पाण्यावाचून डौलात वाढत असेल, तर तज्ज्ञ व्हायला अजून वेळ आहे. आधी उठा आणि शेजारचं दार वाजवून या.