दगडाची डावी बाजू

"हे थाम नाहीत," सचिव म्हणाले. "हे यिप आहेत."

उदबत्त्या पेटल्या होत्या. थडग्यापुढे अख्खं भाजलेलं डुक्कर मांडलं होतं आणि त्याच्या कुरकुरीत पाठीवर मलेशियातल्या इपोचं ऊन चकाकत होतं. चिंगमिंगचा सण, त्यामुळे डोंगरउतारावर सगळं गाव आपापल्या पूर्वजांची थडगी झाडायला लोटलेलं. थाम क्वोक सेंग लाल रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन उभा होता तो उभाच राहिला. दगडावरची फिकी पडलेली अक्षरं दरवर्षी तोच रंगवायचा. थेंब कधी रेषेबाहेर गेला नाही. वाचता मात्र एकही चिनी अक्षर येत नव्हतं. घराणं त्याच्या वडलांपासून इंग्रजी शाळेतलं. थाम कुलमंडळाच्या पाटीवरचं आडनाव या दगडावरच्या आडनावासारखं दिसत नाही, हे त्याच्या नजरेला आलं होतं. त्याने ते जुन्या वळणाच्या लिपीवर ढकललं होतं.

निवृत्त झाल्यापासून तो थाम घराण्याचा इतिहास लिहीत होता. मुखपृष्ठावर आजोबांचं हेच थडगं. पहिलं प्रकरण जागेच्या गुणांवर: पाठीशी डोंगर, समोर तळं, म्हणून तर घराण्यात एक न्यायाधीश, दोन दंतवैद्य आणि हिशेबनीस तर विचारूच नका. दगडाच्या डाव्या बाजूला मुलानातवंडांची नावं कोरण्याची रीत आहे. ती बाजू कोरी होती. त्यावरही त्याने एक परिच्छेद लिहिला होता: आजोबांना मिरवण्याचा तिटकारा होता.

अडलं होतं एका गोष्टीवर. आजोबा चीनमधल्या कुठल्या गावातून आले, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. घरात एवढंच सांगितलेलं की ते युद्धात तापाने गेले. गावाचं नाव दगडाच्या माथ्यावर कोरलेलं असतं. ते कळलं तर कुलमंडळाच्या नव्या वंशावळीत त्यांची शाखा जाणार होती. नाही कळलं तर नाही. आणि वंशावळ पुन्हा निघेपर्यंत आणखी एक पिढी दगडाखाली गेलेली असते. म्हणून तर मंडळाच्या वृद्ध सचिवांना मोटारीतून इथवर आणलं होतं.

"काका, जरा नीट बघा."

"नीटच बघतोय. आडनाव यिप. गावही यिपांचंच. इतकी वर्षं तुम्ही परक्याला डुक्कर खाऊ घालताय."

क्वोक सेंगचा धाकटा भाऊ दंतवैद्य होता. त्याने एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे. "म्हणजे ते जागेचे गुण?"

"यिपांचं टपाल तुमच्या दारात. पोस्टमन पत्ता चुकला," सचिव म्हणाले.

शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर छत्री धरून आत्या बसली होती. वडलांची थोरली बहीण. कलिंगडाच्या बिया दाताने फोडायचं तिचं काम बिनबोभाट चालू होतं.

"झालं का वाचून? मग कापा आता. कातडं मऊ पडतंय."

"आत्या, हे आजोबा नाहीत."

"माहीत आहे."

क्वोक सेंगने डबा खाली ठेवला. "माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"विचारलंस कधी? वंश शोधायला थुंकी बाटलीत भरून अमेरिकेला पाठवलीस. मी मागच्या गल्लीत राहते."

सचिवांनी हसू खोकल्यात लपवलं. आत्याने सालं रुमालात बांधली आणि स्टुलावर ताठ झाली.

"माझ्या बाबांना जपान्यांनी सयामच्या रेल्वेवर वेठीला नेलं. तिकडेच रानात गेले. हाडसुद्धा परत आलं नाही. युद्ध संपलं, चिंगमिंग आला, आई आम्हा दोघांना घेऊन इथे आली. तुझा बाप कडेवर. सगळ्या थडग्यांपुढे माणसं आणि या एकापुढे कमरेइतकं गवत. तिने गवत उपटलं आणि आमच्या वाटणीचा भात इथे ठेवला. मी म्हटलं, आई, हे आपले नाहीत. तर म्हणाली, आपले पडलेत तिथलंही गवत कोणीतरी उपटत असेलच ना."

वाऱ्याने उदबत्तीची राख उडाली.

"तुझा बाप मोठा झाला, यालाच बाप समजला. आई म्हणाली, समजू दे, पोराला कुठेतरी डोकं टेकायला हवं. दिवसभर ओढ्यात उभी राहून वाळूतलं कथील धुऊन काढणारी बाई होती ती. घरात तांदूळ असो नसो, याचा भात कधी चुकला नाही. या अख्ख्या डोंगरावर अशी दुसरी दाखव, म्हणजे तिचंही नाव घाल पुस्तकात."

सचिव दगडापुढे आले. मंडळात त्यांची ख्याती अशी की परक्या आडनावापुढे मान लववत नाहीत. त्यांनी तीन उदबत्त्या पेटवल्या, यिपांपुढे वाकले आणि मग घसा साफ केला.

"तरी गाव लागेल मला. तो रकाना कोरा चालत नाही. काय लिहू?"

"काही लिहू नका," क्वोक सेंग म्हणाला. "आमची शाखा वंशावळीत नको."

"वर्षानुवर्षं मागे लागला होतास माझ्या."

"हो."

तो दगडापुढे गुडघ्यांवर बसला. यिपांचं नाव त्याने दरवर्षीसारखंच रंगवलं, थेंब रेषेबाहेर न जाऊ देता. या खेपेला जरा सावकाश. मग कुंचला पुन्हा रंगात बुडवून तो डाव्या बाजूला सरकला. मुलानातवंडांच्या नावांची जागा रिकामी होती. तिच्यावरची धूळ त्याने तळहाताने पुसली.

"काका," तो म्हणाला, "आमचं आडनाव कसं लिहितात, तेवढं दाखवा."