चिकटपट्टीवरची रेष

नळ्यांना घाबरून माझी सात वर्षांची लेक आठवडाभर दारातूनच हात हलवून पळायची. मग सिस्टरनी सलाइनच्या बाटलीवर चिकटपट्टी लावली, रेष मारली आणि तिला म्हणाल्या, "माझ्या मागे पंधरा पेशंट. पाणी इथवर उतरलं की हाक मार. जमेल?" तेव्हापासून शाळा सुटली की बाईसाहेब माझ्या उशाशी, डोळ्यांत तेल घालून. आज बेसिनवरच्या आरशात दाराबाहेरची भिंत दिसली. तिथे सिस्टर नवी बाटली घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या, नजर घड्याळावर. पाणी रेषेला टेकलं. लेक ओरडली, "सिस्टर, पोचलं." क्षणभर थांबून त्या धापा टाकत आत आल्या. "बरं झालं सांगितलंस, माझ्या लक्षातच नव्हतं." त्या गेल्यावर लेक माझी चादर सारखी करत म्हणाली, "आई, मी नसते तर तुझं काही खरं नव्हतं." "नव्हतंच," मी आरशाकडे बघत म्हणाले.