घाटातला आवाज

"काय मेव्हणे, हात आहे की जादू! गाडी नुसती हरणासारखी पळतेय!"

स्पीकरवर टाकलेला फोन टूलबॉक्सवर होता आणि त्यातून दाजी खुशीत ओरडत होते. गॅरेजच्या पायरीवर मटार सोलत बसलेल्या ताईनं भावाकडे बघितलं. "ऐकलंस? आणि म्हणे मला जमेल की नाही!"

तो लाजून हसला. इतके दिवस तो भंगारातून आणलेल्या इंजिनांवर ट्यूनिंग शिकत होता. ट्यूनिंग तपासायची मशिनं महागडी, ती मागाहून घेऊ, आधी हात बसू दे, असं त्याचंच म्हणणं. हाताखालून थेट रस्त्यावर गेलेली पहिली गाडी म्हणजे दाजींची ही जुनी टॅक्सी. काल त्यानं नुसत्या कानाच्या भरवशावर ठिणगीचं टायमिंग थोडं पुढं घेतलं, पेट्रोल जरा आवळलं. दाजींना ॲव्हरेज वाढवून हवं होतं. दारात उभ्या गाडीचा आवाज अगदी लोण्यासारखा लागला होता.

"घाट लागला बरं का," दाजी म्हणाले. "मागं आजी-आजोबा आहेत. विमानतळावर चाललेत. मुलगा भेटणार, नऊ वर्षांनी! दोन तासच थांबणार आहे, मग त्याचं पुढचं विमान."

"वेळेत पोचू ना हो?" मागून म्हातारीचा आवाज आला.

"आजी, आता गाडी कशी झालीय बघा ना!"

आणि दाजींनी ॲक्सिलरेटर दाबला.

पत्र्याच्या डब्यात खिळे खुळखुळावेत, तसा आवाज फोनमधून आला. आधी हळू, मग भरभर. हा आवाज त्यानं आजवर कधी ऐकला नव्हता. तरी पहिल्या ठोक्याला ओळखला: चढाच्या ओझ्याखाली ठिणगी वेळेआधी पडत होती, इंजिन आतून ठोके खात होतं.

"दाजी, पाय काढा! ॲक्सिलरेटर सोडा!"

"अरे, कसा सोडू? मागं ट्रक चिकटलाय. इकडं दरी, तिकडं कडा."

"मग खालचा गिअर टाका!"

"टाकलाय की! हे वाजतंय काय पण?"

त्याच्या हातात पाना कधी आला, त्याला कळलं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. एक नट सैल करायचा, टायमिंग केसभर मागं घ्यायचं, नट आवळायचा. पाना मुठीत धरून तो फोनसमोर उभा होता आणि गाडी तिकडं चढत होती.

"थांबायला जागा बघा, दाजी. कुठंही, मिळेल तिथं."

"वळणापुढं आहे थोडी. एवढं वळण घेतो."

आवाज वाढत गेला. ताईचे हात थांबले. मग एकदम काहीतरी फुटल्यासारखा दणका झाला, आणि त्यामागून नुसते हॉर्न. एकावर एक.

"अहो!" ताई ओरडली.

"आहे, आहे. सगळे ठीक आहेत." दाजींना धाप लागली होती. "कडेला आलोय कसाबसा. बंद पडली."

दार उघडल्याचा आवाज आला. आजोबा कुणाला तरी हाका मारत होते, थांबा हो, थांबा. गाड्या भर्रकन निघून जात होत्या.

"एकसुद्धा थांबत नाही," म्हातारी म्हणाली. मग जरा वेळानं, कुणाला उद्देशून कोण जाणे, "विमानतळावरून त्याला बाहेर सोडत नसतील ना हो? आपणच आत जायचं असेल."



दाजींनी फोन तोंडाजवळ घेतला असावा. आवाज एकदम खाली आला. "मेव्हणे, बॉनेट उघडलंय. तेलाचा धूर येतोय नुसता. चावी फिरवली तर आत काहीतरी घासतंय. काय करू, पटकन सांगा. पान्यांची पिशवी आहे माझ्याकडं. तुम्ही म्हणाल तसं करतो."

पिस्टन फुटला होता. घाटात कडेला उभं राहून, पान्यांच्या पिशवीनं करण्यासारखं काही नव्हतं. ते सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि तेवढ्यात पलीकडून म्हातारी म्हणाली, "कारागिराला लागलाय का फोन? मग होईल."

त्यानं मुठीतल्या पान्याकडं बघितलं.

ताई उठली. पदराला हात पुसून तिनं फोन उचलला, त्याच्या ओठांजवळ धरला आणि त्यातच म्हणाली, "अहो, जरा दम धरा. तो सांगतोय."