चौथा शंख

पहिला शंख वाजला, तरी हेदर परतली नव्हती.

फेतू ओल्या वाळूत उभी होती. समोर पावसाची पांढरी भिंत. दुपारी हाताशी वाटणारा प्रवाळाचा बांध त्या भिंतीमागे कुठे गेला कळत नव्हतं. ती झोपडीपर्यंत जायची, चहाचं भांडं उगाच चुलीवरून उतरवायची, पुन्हा पाण्याशी यायची.

हेदर वेलिंग्टनची शिक्षिका. किनाऱ्यावर फेतूच्या झापांच्या चार झोपड्या, त्यातल्या एकीत आठ दिवस आराम करायला आलेली, आणि आराम सोडून सगळं करणारी. सकाळी पाण्यात तोंड घालून मासे बघायचे, दुपारी वल्हं मारायचं, जेवतानासुद्धा बाईचा पाय हलत असायचा. आज चारला ती उभ्यानं वल्हवायची लांब फळी घेऊन निघाली. बांधापर्यंत जाऊन येते, चहा ठेव, म्हणाली होती.

सामोआतल्या त्या गावात रोज संध्याकाळी तीन शंख. पहिल्याला पाण्यातल्यांनी बाहेर यायचं आणि रस्त्यावरच्यांनी घरी जायचं. दुसऱ्याला घरोघर प्रार्थना सुरू, तिसऱ्याला संपली. मधे कुणी हलायचं नाही. फुंकणारे फेतूचे सासरे, पेनिअमिना. वय ऐंशीला टेकलेलं, दम अजून चाळिशीतला. नेमाचे इतके कडक, की गेल्या वर्षी पाहुणे शंखानंतर पाण्यात राहिले म्हणून भर सभेत त्यांनी सुनेलाच गावाला डबाबंद माशांचं खोकं द्यायचा दंड केला. शेजारीण आपी अजून विचारायची, यंदा कुठला मासा खायला घालणार गं?

म्हातारे नीरफणसाच्या झाडाखाली शंख मांडीवर घेऊन बसले होते. फेतू धावत त्यांच्यापाशी गेली.

"बाबा, पोरांना होडी काढायला सांगा."

"या पावसात होडी घातली तर शोधायची माणसं वाढतील. घरी जा. प्रार्थनेला बस."

दगड आहे, फेतू मनात म्हणाली. पंधरा वर्षांपूर्वी तिचा नवरा सेफो, म्हणजे ह्यांच्याच पोटचा मुलगा, असाच सांजच्या पावसात बांधाजवळ मासे धरायला गेला. सकाळी रिकामी होडी तेवढी सापडली. तेव्हाही ह्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. पुढच्या संध्याकाळी शंख आपल्या वेळेवर वाजला होता.

दुसरा शंख वाजला. फेतू चटईवर बसली. घराघरांतून गाणं उठलं. एरवी या गाण्यात ती विरघळून जायची. चार घरांतून चार सूर निघत, वाटेत कुठेतरी एक होत, आणि देव ओसरीवर येऊन बसलाय असं वाटायचं. आज ओठ तेवढे गात होते. कान पाण्याकडे होते. डोळे मिटले की रिकामी होडी दिसे, म्हणून तिनं ते मिटलेच नाहीत.

तिसरा शंख पुरता संपायच्या आत ती बाहेर होती. पाऊस तसाच. अंधारून येत होतं. पोरं होडीपाशी जमली खरी, पण जायचं कुठल्या दिशेला हे कुणालाच सांगता येईना.

आणि चौथा शंख वाजला.

लोक होते तिथे थबकले. दोन म्हाताऱ्या पुन्हा खाली बसल्या. आपी हसत म्हणाली, सासऱ्यांची मोजणी हुकली वाटतं, आता परत प्रार्थना करायची की जेवून घ्यायचं? पाचवा वाजला. सहावा वाजला. मग कुणी हसलं नाही.

आवाज झाडाकडून येत नव्हता. पेनिअमिना गुडघाभर पाण्यात जाऊन उभे होते. फेतू संतापानं त्यांच्यापर्यंत गेली.

"बाबा, तीन कधीच झाले."

त्यांनी शंख तोंडापासून काढला. ओठ फुटला होता.

"आज मोजू नकोस."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पावसातून एक काळी रेघ निघाली. हेदर फळीवर पालथी पडून हातांनी पाणी कापत सरळ पेनिअमिनांच्या रोखानं येत होती. वल्हं कधीच वाहून गेलं होतं. पोरांनी तिला उचललं. दात वाजत असताना ती सांगत राहिली, की किनारा समजून आपण उलट बांधाकडेच चाललो होतो. मग शंख ऐकू आला. पहिल्या दिवशी आजोबा रागावले होते ते आठवलं: शंख ऐकलास की गावाकडे ये. गाव दिसत नव्हतं, पण शंख थांबत नव्हता.

आपीनं स्वतःचं वस्त्र तिच्याभोवती गुंडाळलं आणि चुलीकडे नेलं. फेतू सासऱ्यांकडे वळली.

"आली ती, बाबा. पुरे आता."

त्यांनी मान डोलावली. पण तोंड बांधाकडेच होतं. त्यांनी छातीत श्वास भरून घेतला आणि पुन्हा शंख फुंकला. पुन्हा एकदा. आणि पुन्हा.

फेतू पाण्यात शिरून त्यांच्या शेजारी उभी राहिली. सेफो गेला त्या संध्याकाळी त्यांनी शंख नेमानंच वाजवला होता. तीनदा.