दोन टाचा

टाचांच्या भेगांसाठी तिने प्रयोगशाळेत एका झाडाच्या पाल्याचा अर्क घालून जेल बनवलं होतं. दोन डब्या ती घरी घेऊन आली. पांढऱ्या झाकणाच्या डबीत अर्क घातलेलं जेल होतं, निळ्या झाकणाच्या डबीत नुसतंच.

"आई, पांढरीतलं उजव्या टाचेला, निळीतलं डाव्या. औषधाने फरक पडतो का, ते बघायचंय."

सासूबाईंनी मान डोलावली. महिन्याभरात त्यांच्या दोन्ही टाचा सारख्याच मऊ झाल्या आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. डब्या भरल्या होत्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, आणि "पाल्यात कसला आलाय दम?" हे त्याचं पहिल्यापासूनचं पालुपद. तिचं काम फुकट जावं म्हणून त्यानेच दोन्हीकडे औषध भरलं असणार. आता तर त्याचं साधं हसणंही तिला खुपायला लागलं.

ती तडक साहेबांकडे गेली. दुपारपर्यंत त्याला कामावरून काढलं. "मी काही केलं नाही गं," एवढंच म्हणून त्याने आपला कप उचलला. तिने मान वर केली नाही.

संध्याकाळी सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर एक काचेची बरणी.

"आई, त्या दोन डब्या कुठायत?"



"पहिल्याच दिवशी या बरणीत ओतून कालवल्या गं. दोन्ही पाय माझेच, एकाला औषध आणि दुसऱ्याला नुसता चिकटा, असा दुजाभाव मला नाही करवत."